बिनविस्तवाच्या वड्या

१ फेब्रुवारी, शनिवार

उत्तेजनार्थ! म्हणजे थोडक्यात, "बाई, आलात तेवढं पुरे." पहिला नंबर भेळेला. दुसरा सँडविचला. तिसरा परत भेळेलाच, कारण तिच्यात डाळिंबाचे दाणे होते! समृद्धीच्या शाळेत आज आयांची विनागॅस पाककृती स्पर्धा होती. नियम एकच – विस्तव लावायचा नाही. निम्म्या बायका घरून बटाटे उकडून घेऊन आल्या होत्या, ते कसं चालतं कोण जाणे.

मी मात्र नियम पाळला. पीनट बटरची बरणी, जवळजवळ तेवढीच काकवी, कोको पावडर, मिठाची चिमूट. सगळं एकजीव घोटायचं. त्यात कॉर्नफ्लेक्स हाताने चुरून घालायचे, तुपाचा हात फिरवलेल्या ताटात थापायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं आणि वड्या पाडायच्या. मोबाइलवर बघितलं तेव्हा ती बाई मध घालत होती. मी काकवी घातली. दौंडची, पोपटमामाच्या गुऱ्हाळावरची. हंगाम लागला की मामा दरवर्षी बाटली धाडतो आणि ती वर्षभर फ्रीजच्या दारात उभी असते.

परीक्षक बाईंनी वडी खाल्ली, बोटं चाटली, आणि म्हणाल्या, "छान आहे हो, पण आपलं वाटत नाही." शेंगदाणा आपला, काकवी तर माझ्या माहेरची! अजून किती आपलं हवं यांना?

समृद्धी मात्र खूश. तिसरीतल्या मुलांनी ताट साफ केलं. येताना सगळ्या रस्त्याने "माझ्या मम्मीचा नंबर आला" सांगत होती, वॉचमनलासुद्धा.

उद्या आत्या येणार. भांडी घासून टाकते.

२ फेब्रुवारी, रविवार

आत्या आल्या. सुमित शिरूरच्या दवाखान्यातून घेऊन आला. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. काळा चष्मा लावून रिक्षातून उतरल्या तर समृद्धी म्हणाली, "आजी हिरॉइन दिसतीये!" स्वतः आत्यांनाच हसू आवरेना.

डॉक्टरांनी बजावलंय – महिनाभर धूर नको, शेगडीपुढे उभं राहायचं नाही, वाकायचं नाही. गावी चूल, आणि सासरे गेल्यापासून त्या एकट्याच. म्हणून इथे. सुमितच्या आईला ठेवून घ्यायला मला काहीच हरकत नाही. हे मी कोणाला सांगतेय? वहीलाच. बरं.

जेवायला वाढलं. "भूक न्हाई गं. दोन केळी दे." केळी दिली. सालासकट असतात, सोयीची.

लग्नाला दहा वर्षं होतील. एवढ्या दिवसांत माझ्या हातचं शिजलेलं अन्न आत्यांच्या पोटात गेलेलं नाही. येतात तेव्हा एक तर उपास असतो, नाहीतर पदर खोचून "सर तिकडं, मी टाकती भाकरी" म्हणून ओट्याचा ताबा घेतात. चहासुद्धा स्वतःचा स्वतः. सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, वर चतुर्थी आणि एकादशी. एकदा सुमितला विचारलं होतं, "गावीपण एवढे उपास करतात?" तो म्हणाला, "छे, गावी नुसता सोमवार." आणि मग एकदम टीव्हीत डोकं घातलं. बोलून गेल्यावर कळलं असणार त्याला.

आमच्या दौंडच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. उपास नाही, नवस नाही. सुमितचं नाव घरी सांगितलं तेव्हा दादा, माझे वडील, चिडले नाहीत. रेल्वेत नोकरी झालेली, सतरा गावचे लोक बघितलेले. एवढंच म्हणाले, "पोरगा चांगला हाय. पन त्या घरात तुज्या हातचं खात्याल का, त्येवढं बग." मी तेव्हा हसले होते. आता कोण बघतं असलं, दादा!

संध्याकाळी आत्यांच्या डोळ्यात औषधाचे थेंब घातले. माझ्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलासारख्या निवांत पडल्या. पापणी मी माझ्या बोटांनी उघडली. डोळ्यात माझा हात चालतो. ताटात चालत नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज जे झालं ते लिहून ठेवलंच पाहिजे.

रजा घेतली होती. आत्यांचा सोमवार. समोर केळी आणि दूध. दूधही गारच – "तापवू नगंस, मला गारच बरं वाटतं." समृद्धी शाळेतून आली, फ्रीज उघडला, स्पर्धेला न नेता घरी ठेवलेल्या वड्यांचा डबा काढला आणि सरळ आजीच्या पुढ्यात नेऊन ठेवला.

"आजी, खा ना. मम्मीचा नंबर आलाय."

"माजा उपास हाय बाळा."

"यात शेंगदाणेच आहेत! आणि काकवी. आणि आजी, हे गॅसवर केलंच नाहीये!"

मी भांडी विसळत होते. नळ बंद केला नाही, मागे वळले नाही. नुसती ऐकत उभी राहिले.

"गॅसवर न्हाई?"

"न्हाईच! नुसतं कालवलं."

मग मला म्हणाल्या, "सीमे, शेंगदाण्याचंच हाय ना ह्ये?"

"हो आत्या. पीनट बटर म्हणजे शेंगदाण्याचाच लगदा. काकवी आमच्याकडची."

त्यांनी वडी उचलली. वास घेतला. खाल्ली! थोड्या वेळाने दुसरी उचलली. "ग्वाड हाय चांगली," म्हणाल्या.

मला काय झालं माहीत नाही, बाथरूममध्ये जाऊन रडले. आनंदाने. आणि मग त्या आनंदाचाच संताप आला. एम. एस्सी. झालेली बाई मी, कंपनीच्या लॅबमध्ये चार पोरं हाताखाली, आणि सासूने वडी खाल्ली म्हणून तोंडावर पाणी मारत बसलेय!

५ फेब्रुवारी, बुधवार

नवा ट्रे लावला. कॉर्नफ्लेक्सचा मोठा पुडा आणला. आत्या सकाळी एक, दुपारी दोन, चहाच्या वेळेला एक.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज दत्ताचा उपास. वड्या आणि रताळं – रताळंही कच्चंच, चकत्या करून. बाकी बिस्किटं चालतात, शेव चालते. पुड्यातलं सगळं चालतं.

लॅबमध्ये नमुने तपासताना डोक्यात हेच. विस्तव लावला नाही, विस्तव लावला नाही म्हणून आपण नाचतोय, पण त्या वडीत बिनविस्तवाचं आहे तरी काय? शेंगदाणे कुठल्या तरी भट्टीत भाजलेले. कॉर्नफ्लेक्स कंपनीच्या केवढ्या तरी मोठ्या ओव्हनमधून निघालेले. पुडे भरणारी बाई कोण, तिच्या घरच्या भिंतीवर कोणाचा फोटो, हे कोणी विचारलंय? आणि काकवी! ती तर पोपटमामाने स्वतः भल्यामोठ्या कढईपुढे घाम गाळून उकळलेली. माझा सख्खा मामा. म्हणजे आत्या रोज तीन वेळा आमच्याच माणसाने शिजवलेलं खातात. फक्त तो विस्तव दौंडला पेटला. इथे माझ्या ओट्यावर पेटला की बाटतो.

हे त्यांना सांगितलं तर काकवीही बंद होईल. गप्प बसले. आणि घरी येऊन पुन्हा घोटायला घेतलं. हात भरून येतो घोटून घोटून.

८ फेब्रुवारी, शनिवार

झाली की पंचाईत!

डब्याच्या वेळेला म्हाळसाला वडी दिली. ती कंपनीतच स्टोअरला आहे, घरचं सगळं सोवळं-ओवळं पाळणारी, पण माझ्या डब्यातली सुकट चाटूनपुसून खाते. मी फुशारकीने सांगितलं, सासूच्या उपासाला हेच देते. तिचा घास तसाच.

"येडी का तू? यात कॉर्नफ्लेक्स आहेत ना?"

"मग?"

"मग काय! कॉर्न म्हणजे मका. मका म्हणजे धान्य. उपासाला धान्य चालतं व्हय!"

मका म्हणजे धान्य हे मला काय माहीत नाही? रोज मक्याच्या स्टार्चचे नमुने तपासते! पण उपासाला काय चालतं नि काय नाही याचा हिशोब आमच्या घरात कधी झालाच नाही. शेंगदाणे चालतात, साबुदाणा चालतो, एवढंच मैत्रिणींच्या डब्यात बघितलेलं. पुड्यातल्या त्या पिवळ्या चुऱ्याकडे धान्य म्हणून मी बघितलंच नव्हतं. आणि आत्यांना तो दिसणार कसा? एक डोळा ऑपरेशनचा, आणि कोकोने सगळं काळं झालेलं.

म्हाळसा पोट धरून हसली. मीही हसले. घरी येईपर्यंत हसू गेलं होतं. म्हातारीचा सोमवार मी मोडला. बाकीचे वार असू देत माझ्यामुळे, पण सोमवार खरा आहे, लग्नाच्या आधीपासूनचा.

९ फेब्रुवारी, रविवार

सुमितला सांगितलं. म्हणाला, "सांगू नकोस. खातीये ना? खाऊ दे की."

"अरे, पण उपास मोडतोय त्यांचा."

"तिला कुठं माहितीये."

हा सुमितचा स्वभाव. ज्याच्यावर झाकण आहे ते उघडायचं नाही. चांगला आहे, प्रेमळ आहे, लग्नासाठी भावकीशी भांडला. पण एकदाच भांडला आणि दमला. माझ्या बायकोच्या हातचं का खात नाहीस, हा प्रश्न त्याने दहा वर्षांत आईला विचारलेला नाही.

मग मी तरी कुठे विचारला?

१० फेब्रुवारी, सोमवार

आत्यांना तपासायला शिरूरला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले डोळा मस्त आहे, पण अशक्तपणा दिसतोय. "आजी, जेवता ना नीट?"

"जेवती की. सून समदं करती."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत होत्या. हे खोटं कोणासाठी होतं – माझी लाज राखायला की त्यांची?

घरी आल्यावर वडी मागितली. सोमवार. आता मला ठाऊक आहे आत काय आहे, आणि तरी मी दिली. खाताना त्यांचा जबडा हलताना बघत बसले. सांगितलं तर ही एकच गोष्ट बंद होणार, मग काय खातील? हेच कारण आहे, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण हेही आहे की ती वडी मला सोडवत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी साळूबाई आल्या होत्या गावाहून. आत्यांच्या चुलत जाऊ. फडक्यात भाकरी, ठेचा आणि पिठलं घेऊन. आत्यांनी ते बघितलं मात्र, कोणता दत्त नि कसला गुरुवार! भाकरी कुस्करून पोटभर जेवल्या. मी पाणी नेऊन ठेवलं. पाण्याचा तांब्या साळूबाईंनी न शिवता बाजूला सारला आणि पिशवीतली बाटली काढली. मला त्यांचं काही वाटलं नाही. त्यांची मला सवय आहे.

मग आत्या स्वतः उठल्या, फ्रीजमधून डबा काढला. "साळू, ही खाऊन बग. लई ग्वाड."

"कुटनं आनल्या?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. एक सेकंद. दोन. आत्यांनी मला बघितलं नव्हतं, किंवा बघितलं असेलही.

"शिरूरच्या दुकानातनं. पॅकिंगच्या हायत्या."

साळूबाईंनी चार खाल्ल्या. चार जाताना बांधून घेतल्या.

आठ-आठ मिनिटं घोटते मी. हाताला घट्टे पडलेत. दुकानातनं! पॅकिंगच्या!

इतका राग मला न खाण्याचा कधी आला नव्हता. न खाणं निदान माझ्या तोंडावर होतं. हे खाऊन, चाटून, वर माझं नाव पुसून टाकणं – नाही. नाही सहन होत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ताट घासून मांडणीवर पालथं घातलं. वड्या बंद.

१६ फेब्रुवारी, रविवार

आत्यांनी विचारलंच. "सीमे, त्या वड्या न्हाई केल्या?"

"दुकानात जायला वेळच झाला नाही, आत्या."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं होतं असं बोलल्यावर बरं वाटेल. तासभर वाटलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

समृद्धीचा डबा भरलेला परत आला. पोळी, मटकीची उसळ, जशीच्या तशी.

"बरं नाही का?"

"आज सोमवार आहे. माझापण उपास. आजीसारखा."

मी म्हटलं बरं बाई, मग साबुदाण्याची खिचडी करते तुला. ती मान हलवून म्हणाली, "तू केलेलं नको. तू केलेलं उपासाला चालत नाही."

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. आजी खातच नाही ना. ज्या दिवशी उपास नसतो त्या दिवशीपण नाही खात. साळूआजीची भाकरी खाल्ली, तेव्हा गुरुवार होता. म्हणजे तुझंच चालत नाही." आणि मग अगदी सहज, "वड्या का नाही केल्यास? वड्या चालतात. त्या गॅसवर नसतात."

सगळं बरोबर जुळवलंय पोरीने. आठ वर्षांची आहे. तिला हे कोणीही शिकवलेलं नाही, आणि तिला सगळं येतं.

मी तिला ओरडले नाही. दोन केळी सोलून दिली. ती खाऊन खेळायला गेली, आणि मी त्या डब्यातली गार पोळी उभ्यानेच खाल्ली. माझ्या आजीला विहिरीवर चढू दिलं नाही, ते मी गोष्टीसारखं ऐकलं. दादांनी शाळेत वेगळ्या पट्टीवर बसून काढलं, तेही ऐकलं. मला वाटायचं माझ्यापर्यंत येता येता ते संपलं. आत्या खात नाहीत, तर नाहीत. म्हातारं माणूस आहे, किती दिवस? पण माझ्या पोटची पोर माझ्याच हातचं नको म्हणायला शिकली तर मी कुठे जाऊ?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बोलले. एकदाचं बोलले.

सुमित फर्स्ट शिफ्टला, समृद्धी शाळेत, मी रजेवर. आत्या खिडकीपाशी बसल्या होत्या. मी कॉर्नफ्लेक्सचा रिकामा पुडा नेऊन त्यांच्या पुढ्यात ठेवला. वरचं मक्याच्या कणसाचं चित्र त्यांना आता दिसतं.

"आत्या, वड्यांमध्ये हे होतं. मका. मला कळलं नाही, माझी चूक झाली. नंतर कळलं तरी मी सांगितलं नाही, तीही चूक. तुमचे दोन सोमवार मोडलेत."

त्या चित्राकडे बघत राहिल्या.

"पण आत्या, तुमचा उपास देवाचा नाही. तो माझ्या ओट्याचा आहे. देवाचा असता तर साळूबाईंची भाकरी गुरुवारी चालली नसती."

"आवाज चढवू नगंस."

"चढवत नाही. दहा वर्षं नाही चढवला. तुम्ही माझ्या हातचं खाऊ नका, मी मरणार नाही. पण काल समृद्धीने माझ्या हातचं खायचं नाकारलं. म्हणाली, आईचं चालत नाही."

तेव्हा त्यांनी वर बघितलं. "म्या पोरीला कवा काय बोलले? द्येवाशपथ सांग, एक शबुद तरी बोलले का?"

"नाही बोललात. बोलायला कशाला लागतं, आत्या?"

त्यांनी पदर तोंडावर घेतला. मी आत निघून आले. थेंबांची वेळ झाली होती, म्हणून परत बाहेर गेले. त्यांनी मान मागे केली. मी थेंब घातले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आत्या गावी जायचं म्हणून सुमितच्या मागे लागल्या. सोमवारी तपासणी आहे, ती झाली की सोडतो म्हणाला. माझ्याशी धड बोलत नाही. "काय गरज होती?" म्हणाला. मी म्हटलं, गरज काय होती ते तुझ्या लेकीला विचार. विचारलं त्याने. बाल्कनीत बसला होता मग बराच वेळ, चहा तसाच.

दौंडला आईला फोन केला. सगळं सांगितलं. मला वाटलं म्हणेल, ये निघून चार दिवस. तर म्हणाली, "बोललीस त्ये बेस केलंस. पन म्हातारीला उपाशी ठिवू नगंस हां." म्हटलं मी कुठे ठेवतेय, तीच राहतेय! "तरीबी," म्हणाली.

ताट रोज वाढते. झाकून ठेवते. संध्याकाळी मीच खाते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दूध आणि बिस्किटं. ताट झाकलेलं तसंच.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी. दुपारी थेंब घालताना आत्या डोळे मिटूनच बोलायला लागल्या. आधी मला वाटलं झोपेत बोलतायत.

"आमच्या वस्तीवर एक बाई याची. भागुबाई. उन्हाची पानी मागायची. माजी आय तिला वरनं वतायची, ती वंजळीनं प्याची. म्या तवा समृद्धीएवढी व्हते. येकदा आय घरात नव्हती, तर म्याच वतलं. वरनंच."

मी बाटलीचं टोपण लावलं.

"मला आयनं शिकवलं न्हवतं गं. म्या नुसती बगत व्हते." मग म्हणाल्या, "तू म्हन्लीस ना, बोलायला कशाला लागतं. तवाधरनं त्ये डोक्यातनं जाईना."

मी काय म्हणायला हवं होतं? "असू द्या आत्या" माझ्या जिभेवर आलं होतं. सवयीने आलं होतं. नाही म्हटलं. कारण असू द्यावं असं ते नाही. माझी आजी ओंजळीनेच पाणी प्यायची, शेवटपर्यंत, घरात पेले असतानासुद्धा. हे मात्र मी सांगितलं त्यांना. त्यांनी ऐकलं.

राग गेलेला नाही, खोटं कशाला लिहू. पण त्यांचं डोकं मांडीवर होतं ते मी उठवलं नाही. पंखा चालू होता, बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती, आम्ही तशाच बसून राहिलो.

२३ फेब्रुवारी, रविवार

आत्यांची पिशवी भरली. चष्मा, औषधं, धुतलेली लुगडी. वड्या करून द्याव्यात का, असं मनात आलं. ताट काढलंही. मग परत ठेवून दिलं. त्यांना देण्यासारखं माझ्याकडे भाकरी आहे, भाजी आहे, आमटी आहे. विस्तवावरचं. तेच आहे.

समृद्धी रात्रीचं माझ्या हातचं जेवली, पण झोपताना म्हणाली, "उद्या सोमवार." मी म्हटलं, "झोप."

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सुमित गाडी पुसायला खाली गेला. ताट वाढायला घेतलं तर समृद्धी म्हणालीच, "मला नको. माझा उपास." मी तोंड उघडायच्या आत आत्या ओट्यापाशी येऊन उभ्या. चष्मा काढलेला. तव्याकडे बघत म्हणाल्या, "सीमे, मला भाकर टाक."

मला ऐकू आलं, पण कळेना. म्हटलं, "आत्या, आज सोमवार आहे."

"ठाव हाय मला. दोगींचं वाढ."